टॅब कोणता घ्यावा? पेपर, सातबारा, रेल्वेचं तिकीट आणि नमन

वशिष्ठीकाठ
१४ जून २०२५, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असतो, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय.

मुक्काम चिपळूण. एसटीत ३१ वर्षं काढली, त्यातली शेवटची नऊ वाहतूक नियंत्रक म्हणून माइकपुढे. घरी डेस्कटॉप होता, तो २२ जुलै २०२१ च्या पुरात गेला. टेबलासकट तरंगत होता असं हिचं म्हणणं, मी तेव्हा माळ्यावर गॅसची शेगडी चढवत होतो. त्यानंतर चार वर्षं सगळं मोबाइलवरच चाललंय. आता एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसरा रांगेत आहे. मोबाइलवर पेपर वाचायचा म्हणजे चिमटीने ओढ ओढ ओढायचं आणि ओळ संपेपर्यंत सुरुवात विसरायची.

काम साधंच आहे. सकाळी दोन ई-पेपर. गुहागरच्या जमिनीचा सातबारा अधूनमधून पाहायचा, कारण चुलत घराणं मोठं आहे. लाइटबिल. डोंबिवलीच्या लेकीशी आणि नातवाशी व्हिडिओ कॉल. संध्याकाळी यूट्यूबवर नमन, जाखडी, म्हणजे आमच्या कोकणातल्या लोककला. गेम नाही, चित्रकला नाही.

आणि एक निकड. गणपती यंदा २७ ऑगस्टला. लेक २५ ला निघणार, म्हणजे साठ दिवसांच्या हिशोबाने तिचं बुकिंग २६ जूनला सकाळी आठला उघडणार. तिकीट काढायचं काम घरात माझ्याकडे. मोबाइलवर चार प्रवाशांची नावं भरताना मागच्या वर्षी हात कापत होते.

दुकानात तीन बघितले: ११ इंची रेडमी पॅड एसई, सॅमसंग टॅब ए९ प्लस आणि यंदा मार्चमध्ये आलेला ए१६ चिपचा आयपॅड. पहिला १३ ते १५ हजारांत, दुसरा वीसच्या आसपास, तिसरा ३४,९००. दुकानातल्या पोराने तिन्हींवर एकच समुद्राचा व्हिडिओ लावून दाखवला. समुद्र तिन्हीकडे निळाच होता.

माझी खरी अडचण वेगळी आहे. आमच्याकडे पावसाळ्यात लाइट जाते, लाइट गेली की राउटर बंद. मग सिमवाला टॅब घ्यावा का? पण आयपॅड सिमचा घ्यायचा तर ४९,९००! १५ हजार नुसते सिमचे? जाणकारांनी प्रकाश टाकावा. (तोही इथे वारंवार जातो.)

---

चाकण_पहिलीपाळी
१४ जून, रात्री १०.१५

काका, आयपॅड घ्या आणि विषय संपवा. माझ्या आईकडे २०१९ चा सातव्या पिढीचा आहे, त्याला २०२४ चं आयपॅडओएस १८ पण मिळालं. इतकी वर्षं अपडेट देणारा त्या काळातला स्वस्त अँड्रॉइड टॅब मला दाखवा. व्हॉट्सअ‍ॅप आयपॅडवर नाही ही तक्रार होती, तीही गेल्या महिन्यात मिटली, स्वतंत्र अ‍ॅप आलं. सफारी वेबसाइटचं मोठं, कॉम्प्युटरवालं रूप आपणहून उघडतो.

सिमबद्दल एकच. या नव्या आयपॅडला सिमचा ट्रे नाहीच, ई-सिम लागतं. आणि त्यावरून साधा फोन करता येत नाही, नुसता डेटा.

---

दुपारचीझोप
१४ जून, रात्री १०.३२

घ्या, आला सफरचंदवाला. नमन बघायला ३५ हजार? तेवढ्यात वाडीत नमन आणता येईल.

काका, रेडमी घ्या. ८००० एमएएचची बॅटरी आहे, दोन-दोन दिवस चार्जिंगला लावत नाही मी. हेडफोनचं भोक आहे. लावला की मात्र साडेतीन-चार तास लागतात, चार्जर १० वॉटचाच, तेव्हा रात्री लावायचा आणि झोपायचं. झोपेचं मला कळतं.

---

जुनंकपाट
१५ जून, सकाळी ७.०५

मी वाचनालयात काम करते. आमच्याकडे आयपॅड आणि ११ इंची सॅमसंग दोन्ही आहेत, ज्येष्ठ सभासद त्यावर पेपर वाचतात. म्हणून काल रात्री उशिरा हा धागा वाचला आणि आज उघडल्या उघडल्या फूटपट्टी घेतली.

टॅब उभा धरला की आयपॅडच्या पडद्याची रुंदी सहा इंचांच्या थोडी वर भरते. सॅमसंगची सहाला जरा कमी. रेडमीचा आकारही सॅमसंगसारखाच लांबुडका. आता गंमत बघा. ए४ कागदाच्या मापाची पीडीएफ (म्हणजे तुमचा सातबारा, बँकेचं स्टेटमेंट) आयपॅडवर कडेपासून कडेपर्यंत बसते आणि अक्षर थोडं मोठं दिसतं. वर्तमानपत्राचं आख्खं पान मात्र उंच असतं, ते आयपॅडवर बसवलं की बाजूला मोकळी जागा राहते. पान दोन्हीकडे जवळपास सारख्याच मापाचं दिसतं. तेव्हा निव्वळ पेपरसाठी आयपॅड 'मोठा' आहे म्हणून घेऊ नका.

दुसरं, ई-पेपरचं पान हे चित्र असतं. सेटिंगमध्ये जाऊन अक्षर मोठं केलं तरी त्या चित्रातलं अक्षर मोठं होत नाही, चिमटीने ओढावंच लागतं. तिथे फरक पडतो तो पडदा किती बारीक ठिपक्यांचा आहे याचा. आयपॅडला इंचाला २६४ ठिपके, सॅमसंग आणि रेडमीला साधारण २०६. इंग्रजी पेपरला २०६ पुरतात. मराठीत जोडाक्षरं आहेत ना! आमचे एक आजोबा 'जाहीर नोटीस'चं पान वाचतात. त्यांना 'द्ध' आणि 'द्य' वेगळे दिसण्यासाठी सॅमसंगवर एकदा जास्त ओढावं लागतं. बस, एकदाच. त्या एका ओढीचे किती पैसे द्यायचे ते तुम्ही ठरवा.

वजन तिन्हींचं पावणेपाचशे ग्रॅमच्या आसपासच. झोपून वाचत असाल तर तिन्ही सारखेच नाकावर पडतात.

---

वशिष्ठीकाठ
१५ जून, सकाळी ८.२०

ताई, साष्टांग दंडवत. दुकानात मला कोणी फूटपट्टी दाखवली नाही. 'जाहीर नोटीस'चं पान मीही वाचतो, त्या चुलत घराण्यामुळेच.

बाकी मंडळी, लाइटचं काय?

---

इन्व्हर्टर_नको
१५ जून, दुपारी १.४८

मी केबल-फायबरचं काम करतो, म्हणून फक्त लाइटवर बोलतो.

सिमसाठी टॅबला जादा पैसे घालू नका. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, साबणाच्या दोन वड्या एकमेकींना चिकटवल्यावर दिसतील एवढा. हजार-दीड हजारात येतो, लाइट गेल्यावर राउटर तीन-चार तास ओढतो. घेताना राउटरच्या अ‍ॅडॅप्टरवर काय लिहिलंय ते बघा: १२ व्होल्ट की ९, आणि किती अ‍ॅम्पिअर. पिन पण तीच बसायला हवी. घरात फायबरचा डबा आणि राउटर असे दोन वेगळे डबे असतील तर दोन्हींना वीज लागते, म्हणजे दोन तोंडांचा यूपीएस घ्या. लोक एकालाच लावतात आणि मला फोन करतात.

मात्र तुमच्या भागात खांबावरच्या पेटीलाच बॅकअप नसेल तर घरातल्या यूपीएसचा उपयोग नाही. पुढच्या वेळी लाइट जाईल तेव्हा शेजारी कोणाकडे इन्व्हर्टर असेल तर त्यांचं नेट चालू आहे का, हे जाऊन बघा. फुकट तपासणी.

आणि अडीनडीला मोबाइलचा हॉटस्पॉट आहेच.

---

चाकण_पहिलीपाळी
१५ जून, दुपारी ३.३०

हॉटस्पॉटने फोनची बॅटरी उतरते हो. पण यूपीएसचं पटलं. १५ हजारांच्या जागी दीड हजार.

अँड्रॉइडच घेणार असाल तर एक हट्ट धरा, रॅम (उघडलेली कामं टॅब जिच्यात तात्पुरती धरून ठेवतो ती मेमरी) ८ जीबीची. ४ वाली स्वस्त पडते म्हणून दुकानदार तीच पुढे करेल. आणि ऑनलाइन सात-आठ हजारांत अनोळखी नावाचे टॅब दिसतात, मोठ्या अक्षरात '१२ जीबी रॅम'. खाली मुंगीच्या अक्षरात ४+८. त्यातले आठ म्हणजे स्टोरेजमधून उसने घेतलेले असतात, ती रॅम नव्हे. अशा काहींवर सिनेमाची अ‍ॅप्सही धूसर चित्रच देतात, कारण एचडीसाठी लागणारं वाइडवाइन एल१ नावाचं प्रमाणपत्र त्यांना नसतं.

---

दुपारचीझोप
१५ जून, दुपारी ४.५५

उठलो. काकांना मराठी टंकायचं असेल ना? आयपॅड असो की अँड्रॉइड, आडवा धरून कीबोर्ड उघडला की अर्धा पडदा गिळतो. उभा धरून टंका नाहीतर माइक दाबून बोला. गूगलच्या कीबोर्डला मराठी बोललेलं चांगलं समजतं.

---

वशिष्ठीकाठ
१९ जून, रात्री ९.१०

परवा पुन्हा दुकानात गेलो. समुद्र बंद करायला सांगितला. माझ्याच मोबाइलचा हॉटस्पॉट लावला आणि माझीच कामं करून पाहिली. पोरगा आधी वैतागला, मग स्वतःच रमला.

पहिलं काम ई-पेपर. ताई म्हणाल्या तसंच. आयपॅडवर 'जाहीर नोटीस' ऑपरेशन झालेल्या डोळ्याने एका ओढीत वाचली, बाकी दोघांवर दोन ओढी लागल्या. दुसऱ्या डोळ्याला तिन्हीकडे धुकं.

दुसरं काम, आणि इथेच सगळा निकाल लागला. लाइटबिलाच्या पानावर लॉगिन करायला गेलो. ओटीपी येतो मोबाइलवर. म्हणजे टॅब मांडीवर, मोबाइल हातात, चष्मा कपाळावर. मधेच लेकीचं नाव व्हॉट्सअ‍ॅपवर चमकलं, टॅबवरच ते उघडून पाहिलं, परत ब्राउझरवर आलो. तिथला एक ४ जीबीवाला टॅब होता (कंपनीचं नाव घेत नाही), त्याने पान पांढरं केलं आणि पहिल्यापासून उघडलं. भरलेला ओटीपी गेला. पुन्हा केलं, पुन्हा गेला. ८ जीबीच्या सॅमसंगवर तेच तसंच करून पाहिलं, पान जागच्या जागी. आयपॅडवरही जागच्या जागी. समुद्राच्या व्हिडिओत हे कसं कळणार? २६ तारखेला चार प्रवाशांची नावं भरून झाल्यावर पान पांढरं झालं असतं तर मी टॅब वशिष्ठीतच टाकला असता.

रेडमीचा ८ जीबीवाला त्या दिवशी दुकानात नव्हता, 'सोमवारी येईल' म्हणाले. असेल तो चांगला. पण 'सोमवारी येईल' हे वाक्य मी स्वतः नऊ वर्षं प्रवाशांना ऐकवलंय, त्याची किंमत मला माहीत आहे.

तिसरं काम बोलून लिहिणं. दुकान गजबजलेलं. मी माइकचं चिन्ह दाबलं आणि सवयीने डेपोतल्या आवाजात सुरू झालो, 'चिपळूणहून गुहागरकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागत आहे.' अक्षर न अक्षर बरोबर उमटलं. मागे उभ्या असलेल्या एका बाईंनी पिशवी उचलली.

तर सॅमसंग ए९ प्लस, वायफायवाला, ८ जीबी आणि १२८ जीबी घेतला. आयपॅडची ती एक ओढ मनात राहिली, पण १५ हजारांच्या फरकात दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनचा थोडा तरी भार निघेल, आणि मग ओढच लागणार नाही.

---

जुनंकपाट
२० जून, सकाळी ७.१२

छान केलंत. क्रोममध्ये वर कोपऱ्यात तीन टिंबं आहेत, त्यात 'डेस्कटॉप साइट'वर खूण करा. काही पानं नाहीतर टॅबवरही मोबाइलसारखी ताणून दिसतात. आणि तिथल्याच सेटिंगमध्ये अक्षराची टक्केवारी वाढवता येते, बातम्यांच्या साइटना (ई-पेपर नव्हे) उपयोगी पडेल.

---

वशिष्ठीकाठ
२९ जून, रात्री ८.३५

हिशोब देतो आणि एक प्रश्न विचारतो.

२६ ला साडेसातलाच बसलो. टॅब डायनिंग टेबलवर तांदळाच्या डब्याला टेकवून उभा, मोबाइल शेजारी. प्रवाशांची नावं आदल्या रात्रीच खात्यात साठवून ठेवली होती, तेवढं मागच्या वर्षी सुचलं नव्हतं. चारपैकी दोन कन्फर्म, दोन आरएसी. जावई म्हणाला चालेल.

राउटरचा यूपीएस दोन तोंडांचाच घेतला, कारण आमच्याकडे खरंच दोन डबे निघाले. परवा रात्री दोन तास लाइट नव्हती, नेट चालू राहिलं. खांबाची पेटी पास झाली. काळोखात हिने टॅबवर आख्खं नमन पाहिलं, मी मोबाइलवर पेपर वाचला. म्हणजे फिरून मी तिथेच आलो, ते सोडा.

प्रश्न कव्हरचा आहे. दुकानदार चामड्यासारखं दिसणारं पुस्तकछाप कव्हर देतोय. आमच्याकडे जुलैत कपाटातल्या पट्ट्याला आणि चपलांना बुरशी धरते, टॅबच्या कव्हरला धरणार नाही कशावरून?

---

इन्व्हर्टर_नको
२९ जून, रात्री ८.५०

धरणार. माझ्या बिलबुकाच्या कव्हरला धरली. साधं रबरी घ्या, मागे पाय असलेलं, म्हणजे तांदळाचा डबा मोकळा होईल.