मदत हवी आहे: डॅशहंडचं 'रेअर कलर' पिल्लू घ्यावं का?

नमस्कार मंडळी, आईबाबांसाठी डॅशहंडचं पिल्लू घ्यायचंय, पुण्यात शोधतोय. आपल्याकडे बहुतेक लाल नाहीतर ब्लॅक अँड टॅनच दिसतात, चॉकलेट अँड टॅन त्यामानाने कमी. आता एक ब्रीडर डॅपल पिल्लू दाखवतोय, अंगावर राखाडी ठिपके, एक डोळा निळा, आणि रंग रेअर आहे म्हणून डबल पैसे मागतोय. पिल्लू फार गोड आहे हो, पण त्याच्या अंगावर पांढरंही बरंच आहे आणि आईबाप दोघं डॅपल आहेत का विचारलं की तो विषयच बदलतो, तिथेच माझं मन अडकलंय. दोघं डॅपल असतील तर प्रत्येक पिल्लाला दोन्हीकडून डॅपलचा जीन येण्याची शक्यता 25 टक्के, त्याला डबल डॅपल म्हणतात आणि अशी पिल्लं बहिरी किंवा आंधळी निघू शकतात, काहींचे डोळेच नीट वाढत नाहीत. ब्लू (निळसर राखाडी) आणि इझाबेला (फिकट तपकिरी) हे रंग तर आणखी दुर्मिळ, पण त्यांच्यात पुढे केस गळून कातडीचा त्रास होऊ शकतो, म्हणून ते मी बघतच नाहीये.

कोणी डॅपल पाळलाय का? पिल्लाची ऐकण्याची टेस्ट पुण्या-मुंबईत कुठे होते, डोळे कोणत्या व्हेटला दाखवू? आईबापाची डीएनए टेस्ट मागितली तर ब्रीडर देतात का? आणि आईबाप दाखवायलाच तयार नसेल तर सरळ नाही म्हणू ना? प्लीज लवकर सांगा, तो टोकनसाठी मागे लागलाय.