मदत हवी आहे: बीव्हरला न मारता पाणी कसं उतरवायचं?

नमस्कार मंडळी. इथे मॅसॅच्युसेट्समध्ये आमच्या घरामागच्या ओढ्यावर बीव्हरच्या (झाडं कुरतडून पाडणारा, पाण्यात राहणारा प्राणी) कुटुंबाने बांध घातलाय आणि पाणी ड्राइव्हवेपर्यंत चढतंय. शेजारी म्हणतात, पकडून मारून टाका. मला ते अजिबात नको. शिवाय जागा चांगली असली की दुसरे येतातच, आणि नुसता बांध फोडला तर वाहत्या पाण्याचा आवाज ऐकून ते रातोरात बुजवतात. ते झाडं कुरतडायचे, म्हणून बुंध्यांना जाळी गुंडाळली, तो प्रश्न मिटला. आता बांधातून पाइप टाकून, बीव्हरने ते बुजवू नये म्हणून त्याच्या तोंडाशी तारेचा पिंजरा लावून पाण्याची पातळी खाली ठेवायचा विचार आहे. कुणी केलंय का? पाइप किती रुंद घेतला? पिंजऱ्यात गाळ-काटक्या अडकतात का? आणि टाउनच्या कॉन्झर्व्हेशन कमिशनची (ओढे-पाणथळ जागा जपणारी स्थानिक समिती) परवानगी मिळायला किती वेळ लागला?