बाजरीचे पीठ किती दिवस चांगले राहते?

प्रश्न:
गिरणीतून दळून आणलेल्या बाजरीच्या पिठाला आठवडा उलटताच उग्र वास येतो आणि भाकरी कडवट लागते; गव्हाचे पीठ मात्र महिनाभर उत्तम राहते. असे का होते, आणि हे पीठ खावे काय?

प्रतिसाद १:
बाजरीत सुमारे ५ टक्के स्निग्धांश असतो, म्हणजे गव्हाच्या दुपटीहून अधिक. दाणा अखंड असेपर्यंत हे तेल सुरक्षित राहते. परंतु दळताच लायपेझ नावाचे विकर त्या तेलावर काम करू लागते, मेदाम्ले सुटतात आणि पुढे हवेशी संयोग होऊन पीठ खवट होते. उन्हात ठेवून हा कडवटपणा जात नाही, उलट वाढतो. असे पीठ खाऊ नये, हे माझे स्पष्ट मत आहे.

प्रतिसाद २:
धान्य नीट वाळवलेले असल्यास कित्येक महिने टिकते, म्हणून आठवड्यापुरतेच दळावे. गिरणीतून आलेले गरम पीठ पूर्ण निवल्याशिवाय डब्यात भरू नये, कारण आत धरलेला ओलावा त्याला लवकर बिघडवतो. फ्रिजमध्ये घट्ट झाकणाच्या डब्यात ते अधिक टिकते.

प्रतिसाद ३:
अधिक दिवस ठेवायचेच असेल, तर बाजरी काही सेकंद उकळत्या पाण्यात बुडवून, निथळून, खडखडीत वाळवून मग दळावी. उष्णतेने ते विकर निष्क्रिय होते. ज्वारीची अडचण थोडी वेगळी आहे: जुन्या पिठाची विरी (चिकटपणा) जाते आणि भाकरी थापताना चिरते. वास चांगला असल्यास उकळत्या पाण्यात पीठ भिजवावे, भाकरी जमते.