घारापुरीचा तोफांचा डोंगर : वर गेला असाल तर लिहा

घारापुरीहून आलेल्या माणसाला काय पाहिलं विचारा. त्रिमूर्ती, माकडं आणि परतीच्या लाँचची रांग, एवढंच सांगेल. लेण्यांच्या डोक्यावर डोंगर आहे, माथ्यावर ब्रिटिशांच्या दोन तोफा आहेत आणि तिथून अख्खं मुंबई बंदर दिसतं, हे बऱ्याच जणांना घरी आल्यावर कळतं. लेण्यांवर भरपूर लिहून झालंय. इथे फक्त डोंगर. कधी गेलात, कोणाबरोबर, काय दिसलं?

डोंबिवलीकर
आम्ही डिसेंबरात गेलो, सकाळच्या पहिल्या लाँचने. लेणी परतताना बघायची ठरवून आधी थेट वर. जेट्टीपासून लेण्यांपर्यंतच्या पायऱ्यांवर दुकानांची ताडपत्री असते, सावली मिळते. त्यापुढची वाट मात्र झाडीतून, आणि जसजसं वर जावं तसतशी उघडी. चढ अवघड नाही, पण दमट हवेत घाम निथळतो. तोफा लांबून किरकोळ वाटतात, जवळ गेलं की गप्प व्हायला होतं. गोल लोखंडी बैठकीवर बसवल्यात, म्हणजे तोंड हव्या त्या दिशेला वळवायची सोय. एवढं धूड त्या काळी या चढावर कसं आणलं असेल, यावर आमचा तिथेच अर्धा तास वाद. निकाल नाही लागला.

उरणची
आमच्या उरणच्या मोरा बंदरातून लाँचने मुंबईत भाऊच्या धक्क्याला जाताना घारापुरी उजव्या हाताला दिसते. लहानपणापासून तो डोंगर खालूनच पाहिलेला. वर गेले ती लग्नानंतर, मुंबईच्या नणंदेला दाखवायला! तिला मुंबईच्या इमारती बघायच्या होत्या, मी मात्र न्हावा-शेवाच्या क्रेन बघत बसले. आमच्या गावांची खाडी, मिठागरं कुठे होती आणि आता कंटेनर कुठे रचलेत, ते वरून एका नजरेत कळतं. नणंद म्हणाली, "वहिनी, तू रडतेयस का?" वारा होता, बाकी काही नाही.

आणखी एक. शेतबंदर, मोराबंदर, राजबंदर ही बेटावरची तीन गावं. 2018 मध्ये समुद्राखालून केबल टाकून तिथे वीज आली, त्याआधी जनरेटरवर संध्याकाळचे काही तास. वरून समोर मुंबईचा झगमगाट बघत ही माणसं इतकी वर्षं कंदिलात राहिली. फोटो काढताना हेही आठवावं.

कॅमेरावाला
स्पष्टच लिहितो, 'निसर्गरम्य' ऐकून गेलात तर निराश व्हाल. पश्चिमेला जवाहर द्वीप, म्हणजे तेलाच्या टाक्या आणि टँकर. वायव्येला तुर्भ्याचा (मुंबईतल्या ट्रॉम्बेचा) डोंगर आणि धुराडी. उत्तरेकडून अटल सेतू. तो 2024 च्या जानेवारीत सुरू झाला, त्यामुळे माझे जुने फोटो आता शिळे झालेत. मला मात्र हेच आवडतं. जहाजं कुठून आत येतात, कुठे नांगर टाकून थांबतात, हे नकाशात कळत नाही तसं इथे कळतं. तोफा इथेच का ठेवल्या, हेही वेगळं समजावायला लागत नाही.

धुरकट दिवशी मात्र वर जाण्यात अर्थ नाही, कुलाबासुद्धा दिसत नाही. पाऊस नुकताच संपलाय असा स्वच्छ दिवस गाठा.

नाशिकहून
आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे ती आणि बाबा लेण्यांपाशी ताक पीत बसले, आम्ही भावंडं वर गेलो. तोफेवर नावं कोरलेली बघून डोकं फिरलं. एक काका नातवाला तोफेवर घोडा-घोडा खेळवत होते. त्यांना काही बोलावं तर तेच आम्हाला "फोटो काढून देता का?" म्हणाले. दिला काढून.

डोंबिवलीकर
जाताना काय काळजी घ्यावी, असं कोणीतरी मला निरोप पाठवून विचारलंय, म्हणून इथेच लिहितो. सोमवारी लेणी बंद असतात, तो वार टाळा. मुक्काम करता येत नाही, तेव्हा शेवटच्या लाँचची वेळ उतरतानाच जेट्टीवर विचारून ठेवा. माथ्यावर पाण्याची सोय धरून चालू नका. बाटली खालूनच घ्या आणि पिशवीत ठेवा, हातात दिसली की माकडं ती नेतातच. वेफर्सचं पाकीट तर काढूच नका.