ट्रकचा गिअरबॉक्स घरीच खोलावा का?

सांगलीकर: जुना ट्रक आहे, तिसऱ्यात टाकताना कर्रर्र आवाज येतो, बाकी गिअर नीट पडतात. मेकॅनिक म्हणतो पूर्ण बॉक्स बदला. शेडमध्येच खोलून बघावं म्हणतोय, जमेल का?

डिझेलभाऊ: आधी क्लच बघ. क्लच नीट सुटत नसेल तर रिव्हर्सलाही ओरडला असता, फक्त तिसराच ओरडतोय म्हणजे बहुतेक सिंक्रो रिंग (गिअर पडताना वेग जुळवणारी रिंग) गेली. बॉक्स उघडलास की रिंग गिअरच्या निमुळत्या भागावर दाबून बसव आणि रिंग-गिअरमधली फट फिलर गेजने (फट मापायच्या पातळ पट्ट्यांनी) माप, मॅन्युअलमधल्या मापापेक्षा कमी भरली तर रिंग संपली. हब-स्लीव्हचे (सरकून गिअरला अडकणाऱ्या कड्याचे) दातही बघ, ते गोल झाले असतील तर नुसती नवी रिंग टाकून काही उपयोग नाही 😅

सांगलीकर: पुलर (बेअरिंग ओढून काढायचं अवजार) आहे, चेनब्लॉक (वजन उचलायची साखळी-कप्पी) नाही.

डिझेलभाऊ: मग थांब. नुसत्या जॅकवर तो बॉक्स उतरवू नकोस, पाय जाईल.

वाईचा_दादा: शिफ्टर रॉड (गिअर बदलणारा दांडा) काढताना वर फडकं धर दादा, स्प्रिंगखालच्या गोळ्या उडतात न मग शेडभर शोधत बसावं लागतं. शाफ्टवर लोखंडी हातोडा नको, पितळी रॉड घे. आणि ऑइल मॅन्युअलमध्ये असेल तेच, जीएल-४ (गिअर ऑइलचा एक दर्जा) सांगितलं असेल तर दुकानदाराच्या नादाने जीएल-५ ओतू नको, काही जीएल-५ पितळी सिंक्रो रिंगा खातात.