नवीन फ्लॅट, पहिलाच पावसाळा आणि पार्किंगमध्ये पाणी

एप्रिलमध्येच पुण्यात सिंहगड रोडला नदीच्या बाजूला राहायला आलोय, काल रात्री पाऊस असला झोडपत होता की बाल्कनीच्या स्लायडिंगमधून पाणी थेट हॉलमध्ये, सासूबाई जुन्या चादरी कोंबत बसल्या, खाली पार्किंगमध्ये ॲक्टिव्हाचा सायलेन्सर बुडाला. खडकवासला धरणातून पाणी सोडलं तर अजून वाढेल का? पोरं घाबरलीत.

> वाढू शकतं. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडच्याच एकतानगरीत पहाटे पाणी शिरलं ते आठवा, विसर्ग किती क्युसेक आणि कधी वाढवणार याच्या बातम्या बघत राहा, आणि गाड्या आधीच चढावर नेऊन लावा. बुडालेली ॲक्टिव्हा स्टार्ट अजिबात मारू नका हं, मेकॅनिकला दाखवा आधी.

> ताई स्लायडिंगच्या खालच्या पट्टीला बाहेरून पाणी निघून जायला बारीक भोकं असतात, बिल्डरची माणसं सिमेंट सांडून बुजवून ठेवतात 🤦 टूथब्रश आणि तारेने मोकळी करा, निम्मं पाणी तिथेच थांबेल.

> मीटर पार्किंगमध्येच असतील ना? पाणी चढायला लागलं तर लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद करायला सांगा. आणि बिल्डरला विचारा बिल्डिंग निळ्या पूररेषेच्या (नदीचा पूर कुठवर येतो ते दाखवणारी नकाशावरची सरकारी रेषा) आत आहे का, हे खरंतर घेतानाच विचारायचं असतं.

भोकं बुजलेलीच निघाली! थँक्यू. बिल्डर फोन उचलत नाहीये.