लॅपटॉपवरून प्रिंट येते, मोबाइलला मात्र प्रिंटर सापडतच नाही

कागदीघोडा:
नमस्कार मंडळी, आठवडाभर या प्रिंटरच्या मागे लागलोय, आता हात टेकले म्हणून इथे विचारतोय. घरी वायफायवाला इंकजेट आहे, चार वर्षं झाली, आत्तापर्यंत कधी कुरकुर केली नाही. लॅपटॉपवरून आजही कुठल्याही खोलीतून प्रिंट दिली की मुकाट्याने येते. मोबाइलवरून मात्र बोंब. अँड्रॉइड १३ आहे, पीडीएफ उघडून प्रिंट दाबलं की 'प्रिंटर शोधत आहे' म्हणत ते चक्र फिरत बसतं आणि शेवटी यादीत फक्त 'पीडीएफ म्हणून सेव्ह करा' एवढंच. गंमत म्हणजे हॉलमध्ये प्रिंटरशेजारी उभं राहून केलं तर बऱ्याचदा सापडतो आणि छापतोसुद्धा, आतल्या खोलीत गेलं की गायब. बहिणीच्या आयफोनचंही तेच, 'एअरप्रिंट प्रिंटर सापडले नाहीत'.

फोन रीस्टार्ट करून झाला, प्रिंटर बंद-चालू करून झाला, प्रिंटरचं ॲप काढून परत टाकलं. प्रिंटरवरचा निळा दिवा लुकलुकत नाही, स्थिर आहे, म्हणजे तो वायफायला जोडलेला आहे. वायफायचं नाव फोनवर, लॅपटॉपवर, प्रिंटरवर एकच आहे हेही बघितलं. आणि रेंजचं कृपया कुणी म्हणू नका, आत फुल दांड्या आहेत, मागच्याच महिन्यात आतल्या खोलीत दुसरा राउटर बसवलाय. आता प्रिंटरच बदलावा का?

निवांत_माणूस:
बदलू नका हो एवढ्यात. फोन वायफायच्या ५ गिगाहर्ट्झ बँडवर असेल तुमचा. बहुतेक प्रिंटरना फक्त २.४ कळतं. फोन २.४ ला आणा, काम होईल.

तारतम्य:
@निवांत_माणूस अर्धं बरोबर आहे. प्रिंटरला २.४ लागतं हे खरं, पण फोनही २.४ वरच पाहिजे असं काही नाही. एकाच राउटरचे दोन्ही बँड असतील तर आत ते एकच नेटवर्क असतं, फोन ५ वर आणि प्रिंटर २.४ वर असला तरी राउटर मधे बसून दोघांचं बोलणं घडवतो. माझ्याकडे गेली कित्येक वर्षं असंच चालू आहे. हा गोंधळ होतो तो नवीन प्रिंटर जोडताना, तेव्हा सेटअपवालं ॲप अडून बसतं. यांचा तर आधीपासून जोडलेला आहे.

बटणदाब्या:
गुगल क्लाउड प्रिंट चालू करून बघा, त्याला तर एका वायफायवर असायचीसुद्धा गरज नसते, कुठूनही प्रिंट देता येते.

तारतम्य:
दादा ते ३१ डिसेंबर २०२० लाच बंद झालं. अजून जुने लेख वाचून लोक ते सेटिंग शोधत बसतात.

@कागदीघोडा, तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी खटकल्या. 'हॉलमध्ये चालतं आत चालत नाही' ही एक, आणि 'मागच्या महिन्यात दुसरा राउटर' ही दुसरी. मला एवढंच सांगा, फोन आतल्या खोलीत असताना त्याचा आयपी ॲड्रेस (नेटवर्कमधला पत्ता) काय आहे आणि प्रिंटरचा काय आहे. फोनवर वायफायच्या सेटिंगमध्ये नावापुढचं चाक दाबलं की खाली दिसतो. प्रिंटरला स्क्रीन असेल तर नेटवर्कच्या मेनूत सापडेल, नसेल तर नेटवर्कच्या माहितीचं पान छापून घ्या, काही मॉडेलवर वायफायचं किंवा माहितीचं बटण थोडा वेळ दाबून धरलं की येतं. आणि हो, फोनवर व्हीपीएन चालू नाही ना? ते असेल तर आधी बंद करा, त्याच्यामुळेही घरातला प्रिंटर दिसेनासा होतो.

कागदीघोडा:
व्हीपीएन नाहीये. पान छापलं, प्रिंटरचा १९२.१६८.१.३४ आहे. फोन आतल्या खोलीत १९२.१६८.०.११२ दाखवतो. आत्ता हॉलमध्ये जाऊन वायफाय बंद-चालू करून बघितलं तर १९२.१६८.१.२१ झाला आणि लगेच प्रिंटर दिसला!! हे काय प्रकरण आहे?

तारतम्य:
सापडला चोर. तिसरा आकडा बघा, एकीकडे १, दुसरीकडे ०. तुमच्या घरात दोन वेगळी नेटवर्क आहेत आणि दोघांना तुम्ही एकच नाव आणि एकच पासवर्ड दिलाय, बरोबर? म्हणून वरून सगळं एक दिसतं. इंटरनेटवाल्याच्या डब्याचं नेटवर्क १ वालं, प्रिंटर त्याच्यावर आहे. त्याच डब्यातून केबल काढून आतल्या नव्या राउटरच्या वॅन पोर्टमध्ये (इंटरनेट आत घ्यायच्या खाचेत) घातली असणार, आणि तो राउटर स्वतःचं ० वालं वेगळं नेटवर्क मांडून बसलाय. हॉलमध्ये फोन डब्याला चिकटतो, आत गेला की नव्या राउटरला.

आता फोन प्रिंटर कसा शोधतो तर तो अक्षरशः नेटवर्कभर हाक मारतो, 'इथे कोणी प्रिंटर आहे का'. याला एमडीएनएस म्हणतात, २२४.०.०.२५१ या पत्त्यावर ५३५३ पोर्टवर ती हाक जाते, आणि नियमच असा आहे की ती राउटर ओलांडून पलीकडे जात नाही. आयफोनचं एअरप्रिंट आणि अँड्रॉइडमधली प्रिंट सर्व्हिस दोन्ही याच हाकेवर चालतात, म्हणून बहिणीच्या फोनचंही तेच रडगाणं. प्रिंटर बिचारा १ वाल्या घरात बसलाय, त्याला ० वाल्या घरातली हाक ऐकूच येत नाही.

लॅपटॉप का चालतो? तो हाक मारत नाही, त्याच्या ड्रायव्हरमध्ये १९२.१६८.१.३४ हा पत्ताच लिहून ठेवलेला असणार. आतला राउटर बाहेरच्या नेटवर्ककडे जाणारी वाट अडवत नाही (इंटरनेटला तसंच तर जातो आपण), त्यामुळे पत्ता माहीत असला की लॅपटॉप थेट पोचतो. उलट्या दिशेने मात्र जमत नाही, प्रिंटर आतल्या राउटरवर आणि लॅपटॉप हॉलमध्ये असता तर लॅपटॉपनेही हात वर केले असते.

वायरवाली_ताई:
तारतम्य यांनी अगदी नीट सांगितलंय. यावर तात्पुरता उपाय हवा असेल तर अँड्रॉइडवर प्रिंटिंगच्या सेटिंगमध्ये डिफॉल्ट प्रिंट सर्व्हिस उघडून तिथे आयपी ॲड्रेसने प्रिंटर जोडायची सोय असते, त्यात १९२.१६८.१.३४ टाका, आतल्या खोलीतूनही छापेल. पण आयफोनला अशी हाताने पत्ता टाकायची सोय नाही, तेव्हा बहीण तशीच लटकेल.

खरा उपाय म्हणजे आतल्या राउटरला ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका. मग तो स्वतःचे पत्ते वाटणं बंद करतो आणि नुसता वायफाय पुरवतो, सगळ्यांना पत्ते डब्याकडूनच मिळतात. हा मोड नसेल तर हाताने तेच करायचं: आधी आतल्या राउटरचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.२ असा काहीतरी करायचा, जो डबा दुसऱ्या कुणाला देणार नाही असा, मग डीएचसीपी (म्हणजे ते पत्ते वाटायचं काम) बंद करायचं, आणि केबल वॅनमधून काढून लॅनच्या (घरातली उपकरणं जोडायच्या) पोर्टमध्ये घालायची. क्रम चुकवू नका, आधी डीएचसीपी बंद केलंत तर राउटरच्या पानावर परत शिरताना घाम फुटतो, मी एकदा रात्री साडेअकराला हे केलंय.

झालं की डब्याच्या सेटिंगमध्ये प्रिंटरचा पत्ता राखून ठेवा, म्हणजे लाइट जाऊन आली की त्याचा नंबर बदलणार नाही. नाहीतर लॅपटॉप एक दिवस अचानक रुसेल आणि तुम्ही परत इथे धागा काढाल.

चिकटपट्टी:
धाग्यात घुसतोय, माफी असावी. माझं वेगळंच दुखणं आहे. राउटर नाहीच, प्रिंटरचं स्वतःचं वायफाय आहे ना ते डायरेक्ट की काय, त्याला फोन जोडतो, जोडला जातो, आणि अर्ध्या मिनिटात फोन आपोआप सोडून देतो. पासवर्ड बरोबर आहे.

तारतम्य:
वायफाय डायरेक्ट म्हणजे प्रिंटर स्वतःच छोटा राउटर होतो, त्याच्यामागे इंटरनेट नसतं. फोनला ते पटत नाही, 'इथे इंटरनेट नाही' म्हणत तो मोबाइल डेटाकडे पळतो. प्रिंट होईपर्यंत मोबाइल डेटा बंद ठेवा, आणि 'इंटरनेट नाही, तरी जोडलेले राहायचे का' असं विचारलं की हो म्हणा. ती सूचना कधीकधी वरच्या पट्टीत गुपचूप येऊन पडते, लक्षात येत नाही. फाइल मात्र आधी फोनमध्ये उतरवून ठेवा, नाहीतर जोडल्यावर ती उघडणार कशी.

चिकटपट्टी:
सूचना होती!! पट्टीत सगळ्यात खाली दडलेली. छापलं. धन्यवाद.

कागदीघोडा:
मंडळी अपडेट देतो. दोन्ही राउटरना एकच नाव मीच दिलं होतं, म्हटलं खोली बदलताना सारखं वायफाय बदलायला नको, शहाणपणा नडला. आतल्या राउटरच्या पानावर ऑपरेशन मोड म्हणून होतं त्यात ॲक्सेस पॉइंट सापडलं, ते निवडून सेव्ह केलं, राउटर रीस्टार्ट झाला आणि नंतर १९२.१६८.०.१ उघडेचना, पाच मिनिटं मला वाटलं राउटर मेला. मग टाळकं चाललं की आता त्याला पत्ता डब्याने दिला असणार, डब्याच्या यादीत बघितलं तर १९२.१६८.१.४० वर बसला होता गुपचूप.

फोनचं वायफाय बंद-चालू केलं, १९२.१६८.१ वाला पत्ता आला, आतल्या खोलीतून प्रिंट दाबलं आणि दोन सेकंदात प्रिंटरचं नाव यादीत. बहिणीचा आयफोन पण लागला. प्रिंटरचा ३४ नंबर राखून ठेवलाय ताई.

आता एक बारीक किरकिर उरलीय, मोबाइलवरून छापलं की पानाच्या खालच्या दोन ओळी कापल्या जातात, लॅपटॉपवरून नाही.

वायरवाली_ताई:
प्रिंटच्या स्क्रीनवर कागदाचा आकार बघा, लेटर असेल. ए४ करा. लेटर २७९ मिलिमीटर उंच असतो आणि ए४ २९७, त्या अठरा मिलिमीटरमध्ये तुमच्या दोन ओळी गेल्या.

कागदीघोडा:
लेटरच होतं. ए४ केलं, ओळी आल्या. प्रत्येक वेळी करावं लागतं का पण हे?

निवांत_माणूस:
मला तरी लागायचं. मग प्रिंटरच्याच मेनूत ट्रेचा कागद ए४ करून ठेवला, तेव्हापासून फोन आपणहून ए४ धरतो. आणि ते २.४ चं मी माझं मागे घेतो 🙏